बिनखिशाचा कोट

मास्तरांच्या पाठीमागे मी सत्तावीस वर्षं बसलो. त्यांची पाठ मला तोंडपाठ आहे. डावा खांदा किंचित खाली, उन्हाळ्यात घामाचा पहिला डाग उजव्या बाजूला, आणि हसू आलं की आधी मान हलायची, मग सगळी पाठ. तोंडाबद्दल मात्र मला फारसं सांगता येणार नाही. त्यांचा जन्म कुठला, भावंडं किती, शिवणकाम कुणाकडे शिकले, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते गेले त्याला सव्वा वर्ष झालं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "तुम्ही लिहा त्यांच्याबद्दल. तुम्ही रोज होता." रोज होतो हे खरं आहे. म्हणून पाठीमागून जेवढं दिसलं तेवढं लिहितो.

आमचं दुकान म्हणजे दीड माणसाच्या रुंदीचा बोळ होता. पुढे रस्त्याकडे काच, काचेपाशी मास्तरांचं मशीन, मधे कापायचं टेबल, आणि मागे ट्यूबलाइटखाली माझं स्टूल. मास्तर कापायचे आणि शिवायचे. मी काजं करायचो आणि बटणं लावायचो. म्हणून ते मला 'काजवे' म्हणत. लोकांना ते आडनाव वाटलं. एकदा एका गिऱ्हाइकाकडून लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर 'श्री. काजवे व परिवार' असं लिहिलेलं. मला परिवार नाही. मी ती मास्तरांना दाखवली तर म्हणाले, "आलाय तर ठेवून घ्या."

मास्तरांचं नाव होतं ते खिशांसाठी. पॅंट चार लोक शिवतात, पण खिसा मास्तरांनीच लावावा, असं लोक म्हणत. पाच-पाच वर्षं वापरलेली पॅंट गुडघ्यात विरून जाई, खिसा तसाच असे. त्यांची खिशाची व्याख्या ठरलेली होती. "तीन बाजू बंद, एक उघडी, आणि हात घातला की तळ लागला पाहिजे. बाकी सगळी फसवणूक." शिवाय न मागता ते प्रत्येक पॅंटीला कमरेत आणि प्रत्येक कोटाला छातीशी आतून एक चोरखिसा लावून देत. गिऱ्हाइकाला तो कधीकधी महिन्याभराने सापडे. मग गिऱ्हाईक रस्ता ओलांडून काचेतून ओरडून सांगे, "मास्तर, सापडला!" आणि मास्तरांची पाठ हलायची.

अशा माणसाचा मुलगा खिशांना घाबरायला लागला.

त्याला सगळे इंच्या म्हणत. दिवस भरायच्या आधी झाला होता. मास्तर इस्पितळात गेले ते गळ्यात टेप तशीच घेऊन. नर्सची पाठ वळल्याबरोबर त्यांनी माप घेतलं. सतरा इंच. दुकानात येऊन मला म्हणाले, "काजवे, माझ्या बाहीपेक्षा लहान आहे हो!" तेव्हापासून इंच्या. पुढे तो इतका वाढला की दुकानात शिरताना वाकावं लागे, आणि मास्तरांनी "इंच्या!" अशी हाक मारली की गिऱ्हाइकं खाली बघत. तो नकाशे काढायचं शिकत होता. हातात पट्टी नसताना त्याने ओढलेली रेघ सरळ असे.

एकवीस वर्षांचा असताना एका दुपारी तो दुकानात येऊन बसला होता. तयार पॅंटी दांडीवर ओळीने लटकत होत्या. तो म्हणाला, "बाबा, हे बोलतात."

"कोण रे?"

"खिसे."

मास्तर मशीन न थांबवता म्हणाले, "काय म्हणतात? रिकामे आहोत म्हणतात?"

मी हसलो. इंच्या हसला नाही. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि वाकून बाहेर निघून गेला.

मग त्याने खिसे शिवायला सुरुवात केली. आधी स्वतःचे, मग घरातले. वहिनींच्या एप्रनचा खिसा, मास्तरांच्या शर्टाचा. आम्हाला वाटलं, पोराच्या डोक्यात काहीतरी खूळ शिरलंय, निघेल. मग एका शनिवारी आम्ही जेवायला गेलो असताना त्याने दुकानातल्या अकरा तयार पॅंटींचे सगळे खिसे शिवून टाकले. आम्हाला काही कळलं नाही. आम्ही त्या इस्त्री करून, घडी घालून, हसतमुखाने देऊन टाकल्या.

सोमवारी सकाळी पोस्टमन आला. "मास्तर, हात जात नाही."

"कुठे?"

"खिशात!"

"जाडे झाला असाल."

"हात जाडा होतो का, मास्तर?"

त्याच्यामागे शाळेचे मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी भर वर्गात चष्मा खिशात टाकला होता आणि तो सरळ फरशीवर गेला होता. त्यांच्यामागे बँकेचा रखवालदार. दुपारपर्यंत अकराच्या अकरा पॅंटी परत आल्या, काही त्यांच्या मालकांच्या अंगावरच. एका गृहस्थांना मी टेबलामागे चादर गुंडाळून बसवलं आणि त्यांचे खिसे उसवत बसलो. टाका इतका बारीक होता की एका पॅंटीला पाऊण तास लागे. मास्तरांनी भिंग घेऊन टाका पाहिला. "इंचाला बारा," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला हात आहे." मग त्यांची पाठ बराच वेळ हललीच नाही.

ह्यापुढचे सहा महिने मी भराभर सांगतो, कारण ते भराभर गेले नाहीत. इंच्या हळूहळू खोलीबाहेर पडेनासा झाला. खिसा नसलेला एक पायजमा होता, तोच घाले. गळ्याची हाडं दिसायला लागली. खिसे काय बोलतात ते तो कुणाला सांगत नसे. विचारलं की म्हणे, "तुम्ही तर म्हणता ते बोलतच नाहीत." आईला म्हणे, तू त्यांना सामील आहेस, आणि दुसऱ्या मिनिटाला तिचाच हात घट्ट धरून बसे. वहिनी ताट घेऊन दाराबाहेर उभ्या राहत. ताट गार झालं की गरम करून आणत आणि पुन्हा उभ्या राहत.

आणि सल्ले! दुकानात येणाऱ्या प्रत्येकाकडे एक सल्ला होता. लग्न करून द्या. मोबाइल काढून घ्या. गार पाण्याने अंघोळ घाला. कुत्रा पाळा. मास्तर सगळ्यांना "बघतो" म्हणत आणि खरंच बघत. लग्न आणि कुत्रा सोडून त्यांनी सगळं करून पाहिलं. सुरुवातीला, तो अजून घराबाहेर पडत होता तेव्हा, हवापालट म्हणून त्याला वहिनींच्या बहिणीकडे तळ्याकाठी नेलं. हवा उत्तम होती. पण मावशीला कोटांचा शौक. कपाट उघडलं तर त्यात चाळीस कोट, प्रत्येकाला चार खिसे. दुसऱ्या दिवशी तिघं परत आले.

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळातल्या मनोविकारांच्या डॉक्टरबाईंना चिठ्ठी दिली. इंच्या यायला तयार नव्हता, म्हणून पहिल्यांदा मास्तर आणि वहिनी दोघंच गेले. तिथे काय झालं ते वहिनींनी मला दुकानात येऊन सांगितलं, आणि सांगताना दोनदा खुर्चीवरून घसरल्या. मास्तरांची एक खोड होती. घाबरले की ते धंद्याचं बोलायला लागत.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "लहानपणी कसा होता?"

"मापात होता," मास्तर म्हणाले.

"तुम्ही वडील म्हणून कडक होता का?"

"छे छे! मी पहिल्यापासून माया जास्तच ठेवतो."

बाईंनी ते लिहून घेतलं. "जास्त म्हणजे किती?"

"दीड इंच."

बाईंचं पेन थांबलं.

"बाकीचे अर्धा इंच ठेवतात," मास्तरांना आता जोर चढला होता. "मला ते पटत नाही. वाढत्या अंगाचं पोर. उद्या सोडायची वेळ आली तर?"

"काय सोडायची वेळ?"

"माया!"

तेव्हा वहिनींनी सांगितलं की शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, अंग भरलं की सोडता येतं ते. डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मास्तरही हसले, कशाला ते न कळता. मग वहिनींनी, सगळे हसत होते म्हणूनच धीर करून, सहा महिने पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "बाई, आमच्यामुळे झालं का हे?"

बाई हसायच्या थांबल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "माया जास्त झाली म्हणून नाही, कमी पडली म्हणूनही नाही. हा आजार आहे. स्किझोफ्रेनिया म्हणतात. औषध आहे त्याला." मास्तरांनी ते नाव मापांच्या वहीत लिहून घेतलं. दोनदा खोडलं.

बाईंनी पुढे जे सांगितलं ते महत्त्वाचं. मुलाला न पाहता त्या औषध देऊ शकत नव्हत्या. "त्याला उचलून आणायचीही सोय आहे. जिवावर बेतलं तर तेही करू. पण तो स्वतःच्या पायांनी या खोलीत आला आणि माझ्याशी बोलला, तर पुढे गोळ्या घेईल. नाहीतर गालात धरून ठेवेल आणि तुमची पाठ वळली की थुंकेल."

म्हणजे काम ठरलं. इंच्याला त्याच्या पायांनी त्या खोलीत न्यायचं.

मास्तर आणि वहिनी त्याच्या बंद दाराशी बसून तीन दिवस विनवण्या करत होते. तिसऱ्या दिवशी आतून उत्तर आलं, "ज्या वाटेवर एकही उघडा खिसा नाही, त्या वाटेने येतो."

वहिनी डोक्याला हात लावून बसल्या. मास्तर मात्र धावत दुकानात आले. सहा महिन्यांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. दारातूनच ओरडले, "काजवे! हे काम मला येतं!"

मग जी धांदल उडाली! मास्तरांनी घरापासून इस्पितळापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढला आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाचे खिसे मोजले. त्यांचे स्वतःचे सहा. माझे पाच. मला उभं करूनच शिवले, आणि एक टाका मांडीला लागला. टॅक्सीवाला जुनं गिऱ्हाईक होता. तो म्हणाला, "शिवा मास्तर, पण परवाना कुठे ठेवू?" "दातात धरा." इस्पितळाच्या दारावरच्या रखवालदाराचा गणवेश सरकारी होता, त्याला हात लावायला तो तयार नव्हता. मास्तर त्याला म्हणाले, "कच्चा धावदोरा घालतो, ओढला की निघेल." नाव नोंदवणाऱ्या कारकुनाने तर कारणसुद्धा विचारलं नाही. तो म्हणाला, "इथे येणाऱ्यांपैकी तुम्ही सर्वांत कमी मागताय."

राहिल्या डॉक्टरबाई. त्यांच्या पांढऱ्या कोटाला तीन खिसे होते, आणि त्यांत स्टेथोस्कोप, पेनं, चिठ्ठ्या, अर्धं सफरचंद. कोट इस्पितळाचा, शिवून चालणार नव्हता. मास्तर म्हणाले, "मी नवा शिवतो. बिनखिशाचा."

बाई म्हणाल्या, "हे बघा मास्तर, खिसे बोलतात असं मी त्याला म्हणणार नाही. मी खोटं बोलत नाही."

"म्हणू नका. फक्त कोट घाला."

बाईंनी जरा विचार केला आणि हात बाजूला पसरून उभ्या राहिल्या. आता पंचाईत अशी की मास्तर पुरुषांचे शिंपी. जन्मात बाईमाणसाचं माप घेतलेलं नाही. ते लाजून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. टेप वहिनींनी धरली, आकडे वहिनींनी सांगितले आणि मास्तरांनी भिंतीवर वही टेकवून लिहिले. "दंडात सैल ठेवू का?" त्यांनी भिंतीला विचारलं. "ठेवा," बाई म्हणाल्या.

कोट दोन दिवसांत झाला. काजं मी केली, पाच. चुकून पुरुषांच्या बाजूला केली, कारण आम्हा दोघांनाही दुसरी बाजू ठाऊक नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला इंच्या खोलीबाहेर आला. उन्हात डोळे मिचकावत उभा राहिला. आम्ही सगळे ओळीने उभे, आणि सगळ्यांचे हात भरलेले, कारण ठेवायला जागा नाही. माझ्या एका हातात चष्मा, रुमाल आणि घराची किल्ली, दुसऱ्या हातात मास्तरांचा चष्मा, रुमाल आणि दुकानाची किल्ली. टॅक्सीवाल्याच्या दातात परवाना, त्यामुळे तो "या या" म्हणाला ते "आ आ" असं ऐकू आलं. वहिनींकडे पर्स होती. इंच्याने तिच्याकडे पाहिलं.

"ही चालेल," तो म्हणाला. "ही पिशवी आहे. पिशवी गप्प असते."

टॅक्सी निघाली. मी पुढे, मागे तिघं. कोपऱ्यावर वळेपर्यंत सगळं ठीक. मग मागून इंच्याचा आवाज आला, "थांबवा."

पुढच्या सीटच्या पाठीला, माझ्या पाठीमागेच, वर्तमानपत्र ठेवायचा एक मोठा रेक्झिनचा खिसा होता.

"ती पिशवी आहे रे," मास्तर म्हणाले.

"तीन बाजू बंद, एक उघडी. बाबा, तुम्हीच शिकवलंत."

मास्तरांनी कॉलरखाली टोचून ठेवलेली सुई काढली आणि चालत्या टॅक्सीत तो खिसा शिवायला घेतला. रेक्झिन जाड. रस्त्यात खड्डे. प्रत्येक खड्ड्याला सुई सीटमधून आरपार येई आणि मी ओरडे. मी ओरडलो की टॅक्सीवाला दचके, टॅक्सीवाला दचकला की गाडी वाकडी जाई, गाडी वाकडी गेली की सुई पुन्हा आत. तिसऱ्या वेळी मागून कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं वहिनी. वहिनींना वाटलं मास्तर. तो इंच्या होता.

इस्पितळात रखवालदाराने दोन्ही हात वर करून आम्हाला आत सोडलं. कारकुनाने उठून उभं राहून गोल फिरून दाखवलं. आम्ही डॉक्टरबाईंच्या खोलीपाशी पोचलो. दार उघडंच ठेवायचं ठरलं होतं, म्हणून मी उंबऱ्यात उभा राहिलो. बाई नव्या कोटात उभ्या होत्या, बटणं उलट्या बाजूची असल्यामुळे एक चुकीच्या काजात गेलेलं.

"बसा," त्या इंच्याला म्हणाल्या.

"नाही बसत."

"बरं. मीही उभी राहते."

इंच्याने कोटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा बाबांनी शिवलाय?"

"हो."

"मग आत खिसा आहे."

"नाही रे बाळा!" मास्तर म्हणाले. "तुझी शपथ!"

"नाहीये राजा," वहिनी म्हणाल्या. "मी तिथेच होते."

"नाही," उंबऱ्यातून मीही म्हणालो. काजं मीच केली होती.

इंच्याचा चेहरा बंद झाला. सहा महिने असंच चाललं होतं. तो म्हणायचा आहे, आणि आम्ही सगळे मिळून म्हणायचो नाही. त्याने एक पाऊल मागे घेतलं. आणखी दोन पावलं आणि तो माझ्या अंगावरून बाहेर गेला असता, आणि मग पुन्हा कधी आला असता कुणास ठाऊक. माझ्या हातातून एक किल्ली पडली.

डॉक्टरबाई आमच्यासारखं "नाही" म्हणाल्या नाहीत. त्यांनी कोटाची बटणं काढली, डाव्या छातीशी आतून हात घातला, आणि हात तिथेच थांबला. मग त्यांनी अस्तर उलटं करून सगळ्यांना दाखवलं.

खिसा होता. सहा इंच खोल, कडेला बारीक पट्टी लावलेला, अगदी देखणा चोरखिसा.

मी मास्तरांचा चेहरा नीट पाहिला तो त्या दिवशी. कानांपर्यंत लाल झाला होता. "हाताने केला," ते पुटपुटले. "हातानेच केला. मला विचारलंसुद्धा नाही त्याने."

चाळीस वर्षं ज्या हाताने प्रत्येक कोटाला खिसा लावला, तो हात ह्या कोटाला कसा विसरणार? त्यांनी भिंतीकडे तोंड करून माप लिहून घेतलं होतं, डोकं मुलापाशी होतं, आणि हात आपलं काम करून मोकळा झाला होता.

बाई इंच्याकडे वळल्या. "आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे. आम्हा सगळ्यांचं चुकलं."

इंच्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, गणित चुकलेल्या मुलांकडे गुरुजी पाहतात तसं. आधी आईकडे, मग माझ्याकडे, शेवटी बापाकडे. आणि त्याची मान हलली, मग पाठ हलली. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही ना, बाबा!" आणि तो हसत सुटला. मास्तर हसले, वहिनी हसल्या, मी हसलो, आणि बाहेर बाकावर बसलेले चार अनोळखी लोक काही न कळता हसायला लागले.

हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "हा काय बोलतोय? मला ऐकू येत नाही, येणारही नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा."

इंच्याने कान जरा पुढे केला. "हा काही बोलत नाही. नवा आहे."

"मग जुने काय बोलतात?"

तो खुर्चीवर बसला. बाईंनी आम्हाला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं. दार इंच्याने स्वतः लोटून घेतलं. पन्नास मिनिटं तो बोलत होता. काय बोलला ते मला माहीत नाही. मास्तरांनाही शेवटपर्यंत पूर्ण कळलं नसावं. ते बाकावर बसून हसत होते आणि डोळे पुसायला खिशात हात घालू बघत होते. हात जाईना. "काजवे, रुमाल!" मी दिला. कोणाचा दिला कोण जाणे.

एवढ्याने आजार बरा होत नाही, हेही लिहायला हवं. पहिल्या गोळ्यांनी त्याची जीभ जड झाली आणि मान आखडली. बाईंनी त्या बदलल्या. दुसऱ्या गोळ्यांनी भूक अशी लागली की वहिनी पाव आणून दमल्या. आठ महिन्यांत कंबर अठ्ठावीसची छत्तीस झाली. मास्तर एकेक पॅंट उसवून माया सोडत आणि वळून मला दाखवत, "बघा, दीड इंच! बघा!" दीड इंच संपल्यावर नवं कापड आणलं. मधे एकदा त्याने बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद केल्या आणि सगळं पुन्हा सुरू झालं. तेव्हा त्याला दोन आठवडे इस्पितळात ठेवावं लागलं. त्या दोन आठवड्यांत मास्तरांनी एकही विनोद केला नाही. पुढे गोळ्यांऐवजी महिन्याला एक इंजेक्शन ठरलं.

बाईंनी मास्तरांना ताकीद दिली होती की आता आणखी काही शिवायचं नाही, उलट आठवड्याला एक खिसा उघडायचा आणि तो इंच्यानेच उघडायचा. तो रविवारी दुकानात येई, ब्लेड घेई आणि एक खिसा उसवून त्यात हात घालून दहा मिनिटं बसून राही, घाम पुसत. टॅक्सीवाला मुद्दाम सीटचा खिसा घेऊन आला होता. म्हणजे सीटच काढून घेऊन आला होता. इंच्या आता एका कचेरीत अर्धा दिवस घरांचे नकाशे काढतो. अजून एखादा खिसा बोलतो, असं तो म्हणतो. "मी त्याला सांगतो, कामात आहे."

तीन वर्षं दर महिन्याला इंजेक्शनला तिघं मिळून जात. मधे तो, दोन बाजूंना दोघं. मग एका मंगळवारी तो म्हणाला, "ह्या वेळी मी एकटा जातो. बसने."

मास्तर "हो" म्हणाले. काय म्हणणार? तो गेला आणि मास्तर दुकानात येऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे जाणार होतो. जवळचं मला दिसेनासं झालं होतं, काजं वाकडी व्हायला लागली होती. मास्तरांना उलट लांबचं दिसत नसे. मी बहिणीकडे असतानाच ते गेले, एका सकाळी, चहा होण्याआधी. त्यामुळे त्या मंगळवारचं आमचं बोलणं शेवटचं ठरलं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

"किती वाजले?"

"सव्वाबारा."

"मघाशीही सव्वाबाराच म्हणालात."

"मघाशी बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती."

"बस चुकली असेल का?"

"दुसरी येईल."

"जाऊन बघू का मी? नुसता कोपऱ्यापर्यंत."

"बसा हो मास्तर."

ते बसले. मशीन चालू केलं. थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्हाला लांबचं दिसतं ना? बघा जरा."

मी स्टुलावरून उठून काचेपाशी गेलो. "येतोय," मी म्हणालो.

"कोण? इंच्या?"

"इंच्याच."

"एकटा आहे?"

"एकटा कसा? दहा-बारा माणसं आहेत. सगळी मिळून रस्ता ओलांडताहेत."

"कसा चालतोय?"

"पायांनी."

"काजवे, मारीन हं! जा, स्टुलावर बसा. काज करा. आपण वाट बघत होतो असं त्याला वाटायला नको."

मी जाऊन बसलो. मास्तर जोरात मशीन चालवत होते.

"मास्तर, तुमच्या सुईत दोरा नाही."

"माहीत आहे. तुम्ही खाली बघा."